दुधाची शीर

शेळी घ्यायची असली की पुसेगावच्या आसपासचा माणूस आधी चंद्रभागाबाईच्या दारात यायचा. आता येत नाही. आला तरी ती विकायच्या जनावराला हात लावत नाही. का लावत नाही, तेच सांगायचं आहे.

सेनगावच्या बाजारात शेळ्या विकणारे एकापेक्षा एक बेरकी. आदल्या दिवसापासून दूधच काढायचं नाही, कास टम्म फुगू द्यायची आणि गिऱ्हाइकाला दाखवायची. नवखा माणूस भुलतो. चंद्रभागाबाई भुलायची नाही, कारण ती कासेकडं बघायचीच नाही. पदर खोचून शेळीच्या बाजूला उकिडवी बसायची, डोळे समोरच्या भजीवाल्याकडं, आणि हात शेळीच्या पोटाखाली. कासेपासून पुढं छातीकडं एक शीर जाते. दुधाची शीर म्हणतात तिला. ती जाड, मऊ, वाकडीतिकडी लागली की शेळी दुधाची. बारीक दोऱ्यासारखी लागली की नुसती चारा खाणारी. "घे," एवढंच म्हणायची, नाहीतर "ऊठ, चल घरी." तिचा नवरा मुंजाजी जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला, पण शेळी पारखायची वेळ आली की तोही म्हणायचा, "शिवहारच्या मायला इचारा. मव्हं काम पायाचं, तिचं हाताचं."

तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा? शाळेची पायरी न चढलेल्या बाईला चार गावचे बाप्ये विचारायला येत होते. त्यातले निम्मे तिच्याशी एरवी धड बोललेही नसते. हात कधी चुकला नव्हता. चुकला तो घरातच चुकला, आणि असा चुकला की देवानं परत संधी दिली नाही.

राधिका तिची सून. एकुलत्या एका शिवहारची बायको. माहेर वसमतच्या बाजूचं, घर हळदीच्या शेतीचं. लग्न होऊन आली तेव्हा पोरगी शेळीच्या शिंगांना भ्यायची, आणि शेळ्यांना ते कळायचं, त्या मुद्दाम तिच्या अंगावर जायच्या. चंद्रभागाबाई पोट धरून हसायची. पण जीव लावला तिनं सुनेला. राधिकाला आई नव्हती. सहा वर्षांनी घरात पाळणा हलला, तेव्हा बाळंतपण माहेरी करायला कुणी नाही म्हणून ते सासरीच झालं. मुलगी झाली. पुनम नाव ठेवलं. चंद्रभागाबाईनं सुनेला सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नाही. शेक, धुरी, तेल, डिंकाचे लाडू, सगळं स्वतःच्या हातानं केलं.

तेल लावतानाच पहिल्यांदा तिला त्या शिरा दिसल्या. राधिकाच्या गोऱ्या छातीवर निळ्या रेघा उमटल्या होत्या. उजवीकडं फिकट, डावीकडं ठळक. डावीकडची एक तर चांगली करंगळीएवढी, वळणं घेत काखेकडं गेलेली.

"अगं बाई," चंद्रभागाबाई म्हणाली, "ही बघ दुधाची शीर. सेनगावच्या बाजारात उभी असतीस तर दहा वाजायच्या आत कुणीतरी दोरी धरून नेली असती तुला."

"आत्याबाई, काहीबी बोलता," म्हणत राधिका लाजून हसली आणि पदर ओढून घेतला.

दोघी हसल्या. घरात बाळंतीण, दूध भरपूर, माणसं खुशीत. त्या दिवशी चंद्रभागाबाईनं शेजारच्या मिराबाईला भिंतीवरून सांगितलंसुद्धा, की आमच्या सुनेची शीर बघावी, लेकराला वरचं दूध लागायचं न्हाई.

तीन महिन्यांची झाली आणि पुनमनं डावीकडं तोंड लावायचं सोडलं. उजवीकडं घटाघटा प्यायची. डावीकडं घेतलं की मान फिरवायची, पाय झाडायची, किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. राधिका रडकुंडीला यायची. मग चंद्रभागाबाई पुढं व्हायची. लेकराचं डोकं मागून धरायची आणि तोंड तिकडं दाबायची. साखर लावून बघितली. अंधाऱ्या खोलीत नेऊन बघितलं. एकदा तर भरल्या संतापात तिनं तेवढ्याशा लेकराच्या ढुंगणावर चापट मारली.

"बापावर गेली. नखरेल कुठची. भरल्या ताटाला नाक मुरडून राहिली."

आता खोटं कशाला बोलायचं? करडू एका सडाला तोंड लावत नसलं, तर याच चंद्रभागाबाईनं करडाला कधी मारलं नव्हतं. सडात काही बिघडलं की करडाला आधी कळतं, ते ती जाणून होती. पण माणसाच्या लेकराचं तिच्या मनात आलं नाही. समोर ती शीर होती ना. एवढी शीर असताना बिघाड असतो कुठं?

लसीच्या दिवशी अंगणवाडीत गावातल्या आशाताई, म्हणजे आशा कार्यकर्त्या शिलाताई, आल्या होत्या. राधिकानं त्यांना बाजूला नेऊन दाखवलं. त्याच दुपारी शिलाताई घरी आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"मावशी, हिला हिंगोलीला दाखवून आणा. बाळंतिणीच्या शिरा दिसतात, त्याचं काही न्हाई. पण एकाच बाजूनं एवढ्या काहून? आणि लेकरू बी त्याच बाजूनं पेत न्हाई म्हनते. आत गाठ लागती. मी येते पाहिजे तर सोबत."

चंद्रभागाबाई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. "शिलाबाई, शेळीची शीर फुगली तर आमी तिला बाजारात दाखवतो, दवाखान्यात न्हाई."

शिलाताईंना हसू आलं नाही. राधिका मात्र थोडी हसली, सासूचं मन राखायला. चैत्र सरत आला होता. मुंजाजी आणि शिवहार मेंढरं घेऊन लांब गेले होते, रोज कुणाच्या तरी वावरात खतासाठी कळप बसवत. घरी दोघी बाया आणि एक लेकरू. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी राधिका चुलीपाशी येऊन बसली. "आत्याबाई, जाऊन येऊ का? सकाळच्या जीपनं जाऊन दुपारी परत. गाठ लागती ना हाताला."

"दुधाची गाठ हाय ती. लेकरू पेत न्हाई म्हनून तुंबलंय. शेळीची कास घट्ट व्हऊन न्हाई का दगडी व्हत? हळद-चुना लावते, चार रोजात मोकळं व्हतंय. तान्ह्या लेकराला उन्हातान्हात जीपमधी कोंबून न्यायचं व्हय? आणि तिथं कुन्या डाक्टरासमोर उघडं व्हायचं? म्या हाय ना."

म्या हाय ना. असं म्हणणारं माणूस राधिकाला आई गेल्यापासून भेटलं नव्हतं. ती मुकाट उठली.

हळद माहेरची होती, वसमतची, पिवळीधमक. चंद्रभागाबाई कोरफडीच्या गरात हळद आणि चुना कालवून रोज लेप द्यायची. रोज विचारायची, "कमी वाटतंय का?" राधिका रोज म्हणायची, "व्हय, वाटून राहिलं." सासूच्या हाताला नाव ठेवायला तिची जीभ उचलत नव्हती. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. शिरा आणखी वर आल्या, गळ्यापर्यंत चढल्या. कातडी जाड झाली, तिच्यावर बारीक खळगे पडले. चंद्रभागाबाई म्हणाली, लेपानं पोळली असंल, आणि चुना कमी केला.

श्रावणात शिवहार परत आला. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तिचा हात वर उचलेना. काखेत लिंबाएवढं काहीतरी होतं. त्यानं जेवणाचं ताट तसंच सारलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो तिला हिंगोलीला घेऊन निघाला. चंद्रभागाबाईही निघाली. घरी मन लागणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला अजून वाटत होतं, डॉक्टर बघतील आणि म्हणतील, मावशी, दुधाची गाठ आहे, तुमचा लेप बरोबर होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बराच वेळ तपासलं. मग हात धुऊन खुर्चीत बसल्या आणि सावकाश बोलल्या.

"दूध यायला लागलं की छातीकडं रक्त जास्त येतं, शिरा दिसतात. दोन्ही बाजूंना सारख्या दिसल्या तर काळजी नसते. माणूस वाळला, म्हातारा झाला, ऊन लागलं, तरी शिरा दिसतात. पण एकाच बाजूला अशा फुगतात तेव्हा आत काहीतरी वाढत असतं. त्याला रक्त लागतं, ते ओढून घेतं. त्या शिरा दुधाच्या नाहीत." मग राधिकाकडं बघून त्यांनी विचारलं, "बाळ या बाजूला पितं का?"

राधिकानं मान हलवली.

"कधीपासून सोडलं?"

"तीन म्हयन्याची झाली तवापासून."

डॉक्टरीणबाईंनी बोटांवर महिने मोजले. "लेकरांना चव कळते कधी कधी. तेव्हाच यायला पाहिजे होतं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

आता ही सांगेल. सांगू दे, सांगितलंच पाहिजे, असं चंद्रभागाबाईला वाटलं. आणि सांगू नये असंही वाटलं, आणि ते जास्त वाटलं.

"सांगितलं व्हतं आशाताईनं," राधिका म्हणाली. "मीच आले न्हाई, मॅडम. लेकरू लहान व्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले."

चंद्रभागाबाईनं जमिनीकडं बघितलं. परतीच्या एसटीत, पुसेगाव जवळ आलं तेव्हा, शिवहार बायकोला म्हणाला, "बारावी शिकलेली तू. तुला कळू नये? लेकराचा तरी इचार करायचा." राधिका खिडकीबाहेर बघत होती. सोयाबीन कमरेला आलं होतं. मागच्या बाकावर चंद्रभागाबाई मांडीवर निजलेल्या पुनमला थोपटत होती, आणि तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हिला बोलू नको रे, मला बोल. पण गाव आलं. सगळे उतरले.

मग नांदेडच्या मोठ्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. राधिकाचे केस गेले. सलाइन देताना हाताला शीर सापडायची नाही. नर्सबाई हातावर चापट मारमारून शोधायच्या. छातीवर नको तेवढ्या वर आलेल्या शिरा हातात मात्र पार बुडून गेल्या होत्या. चंद्रभागाबाई ते बघत बाजूला उभी राहायची. एकदा नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, धरा जरा हात, तुम्हाला लागते का बघा." ती पुनमला पाणी पाजायचं निमित्त करून बाहेर गेली.

दिवाळी झाल्यावर दवाखान्यानं सांगितलं, आता घरी न्या. म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागलं नाही.

शिवहारनं अंगणात कडुलिंबाच्या झाडापाशी खाट टाकली. थंडीचे दिवस, ऊन बरं वाटायचं. राधिका पडल्या पडल्या शेळ्या बघायची. ज्या शेळ्यांना ती एकेकाळी भ्यायची, त्यातली एक पांढरी खाटेच्या पायाशी येऊन बसायला लागली होती. ती पांढरी नुकतीच व्यालेली. दोन करडं.

त्या दिवशी सकाळी शिवहार मेंढरं सोडायच्या गडबडीत होता. मुंजाजी दावणीपाशी विडी ओढत बसला होता. चंद्रभागाबाई अंगण झाडत होती. झाडता झाडता तिची नजर करडांवर गेली. एक उजव्या सडाला पीत होतं. दुसरं डाव्या सडापाशी गेलं, हुंगलं, आणि मागं फिरलं. पहिल्याला ढुशी मारून उजव्याच सडाला लागलं.

केरसुणी तिथंच टाकून चंद्रभागाबाई शेळीपाशी बसली. कास धरली. डावी बाजू कोमट लागली, किंचित घट्ट. तिनं सडातून एक धार तळहातावर काढली, उन्हात धरली. दुधात बारीक गुठळ्या होत्या.

"दगडी धरून राहिली," ती म्हणाली. "शिवहार, मेंढरं बापाकडं दे. आधी ढोराच्या डाक्टरला फोन लाव. आज सुई बसली तर कास वाचंल. उद्यावर नको." आणि लगेच कोमट पाण्यासाठी हाक मारायला वळली, तर खाटेवरून राधिका तिच्याकडं बघत होती. टक लावून.

"लौकर कळलं, आत्याबाई," राधिका म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. राग नव्हता. राधिका खरंच कौतुकानं बोलली होती, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं. तिनं मान वळवली.

चंद्रभागाबाईच्या हातावर ते दूध तसंच होतं. ती उठली नाही. शेळीच्या पायाशी बसल्या बसल्या तिला रडू फुटलं, आणि ते थांबेना. शिवहार फोन हातात धरून धावत आला. त्याला वाटलं शेळीसाठी रडून राहिली.

"माय, वाचंल ती. करतो ना फोन."

"ती दवाखान्यात आली न्हाई, असं न्हाई रे," चंद्रभागाबाई म्हणाली. "ती येत व्हती. शिलाबाई घरी येऊन सांगून गेली. राधिकानं मला चुलीपाशी बसून इचारलं, जाऊ का म्हनून. म्या जाऊ दिलं न्हाई. म्या म्हनलं दुधाची शीर हाय. म्या हळद-चुना थापत बसले. लेकरू ओरडून सांगत व्हतं, तर म्या लेकराला मारलं. अन् दवाखान्यात तिनं समदं आपल्यावर घेतलं, तवा म्या गप बसले. तू तिला गाडीत बोललास, तवाबी गप बसले. शेळीचं मला एका सकाळी कळलं रे शिवहार. एका सकाळी."

मुंजाजीची विडी बोटांत विझली. शिवहार खाटेपाशी गेला आणि खाली मातीत बसला. बायकोचा हात हातात घ्यायचा त्याला धीर होईना.

"तू काहून सांगितलं न्हाई?"

राधिकाला बोलायला दम लागत होता. "सांगितलं असतं तर तुमी मायशी बोलला नसता. जल्मभर. मग माझ्या माघारी पुनमला कुनी बघितलं असतं?" थोडं थांबून म्हणाली, "मला आई नव्हती, मला ठावं हाय."

ढोरांचे डॉक्टर दुपारपर्यंत आले, सुई दिली. शेळीची कास वाचली. राधिका त्यानंतर एकोणीस दिवस होती. शेवटच्या दिवसांत तिला न्हाऊ घालायचं काम चंद्रभागाबाईचंच होतं. छातीवरच्या त्या शिरांवरून ती ओलं फडकं हळूच फिरवायची. राधिका एकदा म्हणाली, "तुमचा हात मऊ हाय, आत्याबाई." त्या शब्दाची चंद्रभागाबाईला जन्मभर पुरेल एवढी शिक्षा झाली.

शिवहार आईशी बोलतो. कामापुरतं बोलतो. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

परवा सेनगावच्या बाजारच्या दिवशी वैजनाथ नावाचा एक माणूस दोन मैल चालत आला, शेळी पारखून द्या म्हणून. तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, मला त्यातलं कळत न्हाई." तो हसला, त्याला वाटलं बाई भाव खाऊन राहिली. मग तिचं तोंड बघून मुकाट्यानं चहा पिऊन निघून गेला.

पुनम आता सव्वा वर्षाची झाली. पांढऱ्या शेळीच्याच दुधावर वाढून राहिली. संध्याकाळी चंद्रभागाबाई वाटीत दूध कोमट करून तिला पाजायला बसली होती, मिराबाई भिंतीपाशी उभी होती. दोन घोट झाले आणि पुनमनं वाटी हातानं दूर सारली. तोंड फिरवलं.

"नखरे बघा," मिराबाई म्हणाली. "धरा डोकं अन् पाजा."

"न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "ती नको म्हनती तर काहीतरी असंल."

तिनं वाटी नाकाशी नेली, हुंगली. एक घोट घेऊन बघितला. बोटावर थेंब घेऊन उजेडाकडं धरला. दूध चांगलं होतं, ताजं, गोड. पोरीचं पोट भरलं असेल एवढंच. तरीही तिनं उठून ते सगळं दूध उकिरड्यावर ओतलं, वाटी धुतली, आणि पांढऱ्या शेळीची कास परत एकदा तपासायला अंगणात गेली.